आभाळातून दिसणारा मळा

आचऱ्याच्या खाडीकडे उतरताना सावित्रीकाकीचा मळा लागतो. भात कापून झालं की त्याच जमिनीत ती लाल भाजी, मुळा, अळसांदे लावते आणि विहिरीवरून घागरीने पाणी आणून शिंपते. आमच्या वाडीत तिच्याइतकी कोवळी भाजी कुणाची होत नाही, हे मी शेजारी म्हणून नव्हे, खाणारा म्हणून सांगतो.

तिची लेक संचिता पुण्यात उपग्रहाच्या चित्रांवरून कुठे किती हिरवळ आहे ते मोजते. जिल्हेच्या जिल्हे मोजून झाले की हळूच आईचा मळा बघते. काकी एकटी राहते, म्हणून मायलेकींचं ठरलेलं: मळा हिरवा तोवर काकी इथे, सुकला तर पुण्याला.

यंदा माघात विहिरीपाशी काकीचा पाय मुरगळला. घागर उचलवेना. मळा करपू लागला. तेव्हा तिने खाडीवर मासे धरणाऱ्या गुरुदासकडची जुनी हिरवी जाळी मागवली आणि मळाभर दुमडून पसरायला लावली.

“काकी, आभाळातल्या यंत्राक फसवतलंस?” गुरुदास हसला.

“यंत्राक नाय रे, माझ्या चेडवाक, संचिताक.”

पण जिवंत पान सूर्याचा लाल उजेड पिऊन टाकतं आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड परत फेकतं. उपग्रह तेच टिपतो. चित्रात रंग हिरवा, पण त्यात जीव नाही, हे संचिताने ओळखलं. त्याच आठवड्यात ती थेट मळ्यात येऊन उभी राहिली.

“आये, औंदा कोळंबी लावलंस काय?”

काकी हसली नाही. पडवीत तिची पिशवी भरून तयार होती. “ठरल्यासारखा होऊंदे. मळो सुकलो.”

“सुकलो की नाय, तां माका मोजूक दी.”

संचिताने जाळी गुंडाळून परत दिली. दिवसा पडवीत बसून कामाची चित्रं बघायची, सकाळ-संध्याकाळ शिंपायची. विहिरीवर तिने पंपही बसवून घेतला. मुळं जिवंत होती, कोंब फुटले. नवं चित्र आलं तेव्हा तिने लॅपटॉप आईपुढे धरला.

“ह्येतूर मी खंय आसंय?”

“तू दिसणस नाय, आये. तुझो मळो दिसता. हिरवो आसा.”

काकीने चित्रातले ते बारके हिरवे चौकोन बराच वेळ न्याहाळले.

“हो कोपरो फिको आसा. मुळ्याक पाणी कमी घातलंस.”

मग ती लंगडत पडवीत गेली आणि पिशवीतली लुगडी काढून पुन्हा दांडीवर टाकू लागली.