दीर्घिकांतलं लोह आणि हट्ट्याचं सोयाबीन

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यात राहून आपल्या आकाशगंगेशेजारच्या लहानग्या दीर्घिकांवर संशोधन करत होतो. ताऱ्यांचा उजेड फोडून त्यांत लोह किती, मॅग्नेशियम किती, म्हातारे तारे किती आणि तरणे किती, हे काढायचं. पुण्यात याला पीएच.डी. म्हणत, आमच्या गावी, सेनगावकडं, रिकामटेकडेपणा. दोन स्थळं त्यापायीच परत गेली होती. म्हणून हट्टा गावच्या मंडळींनी मुलगी पाहायला बोलावलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा धंदा परस्पर सुधारून टाकला: पोरगं माती परीक्षण करतं.

हे मला कळलं ते मुलगी पोहे देऊन समोर बसल्यावर. तिच्या वडिलांनी मातीची पिशवीच माझ्यापुढं ठेवली.

"सोयाबीन पिवळं पडून राहिलं. लोह कमी हाय का बघा."

आबा पोह्यांतले शेंगदाणे शोधू लागले. मला मुलगी पाहताक्षणी आवडली होती, आणि खोटं निभावण्याइतकी अक्कल मात्र नव्हती.

"मी लहान दीर्घिकांमधल्या ताऱ्यांतलं लोह मोजतो," मी म्हणालो.

"किती लांबच्या?"

"तिथला उजेड इथं यायला काही लाख वर्षं लागतात."

"अन् तिथलं कळतं, हट्ट्याचं न्हाई?"

"व्हय."

ते आबांकडं वळले. "काय हो पाव्हणं, हे माती परीक्षण?"

"जरा वरची माती हाय," आबा म्हणाले.

तेवढ्यात मुलीनं मान वर करून मला विचारलं, "लहान दीर्घिकांत लोह कमी असतं का?"

झालं. मला कोणी विचारलं की मी उभाच राहतो. तारा फुटतो, त्यात तयार झालेलं लोह बाहेर उडतं, मोठी दीर्घिका ते ओढून धरते, लहानीच्या अंगात तेवढा जोर नसतो. स्फोट मी ताटलीनं करून दाखवला. थोडे पोहे तिच्या वडिलांच्या टोपीवर गेले.

"म्हणजे उताराचं रान," ती म्हणाली. "खत टाका, पावसात वाहून जातंय."

"अगदी बराबर."

"ऊठ," वडील तिला म्हणाले. "खोटं बोलणारं घर हाय."

ती हलली नाही. वडिलांनाच म्हणाली, "खोटं त्यांचे आबा बोलले, दादा. मला आबांसंगं लग्न करायचं न्हाई."

दादांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग आबांना म्हणाले, "लग्नाची तारीख तुमी सांगू नका. ती आमी काढतो."