मार्लीनबाईंची बॅग आणि माई दोरिकाची प्रार्थना

आफ्रिकेतल्या मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी, चहाच्या मळ्याला लागून एक छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. तिथं माई दोरिका मुहिवाच्या प्रार्थनेचा दबदबा होता. ती प्रार्थना लांबलचक असे, खणखणीत आवाजात असे आणि तिच्यात देवाला सबबी सांगायला फारशी जागा ठेवलेली नसे. बाकीचे लोक ‘प्रभो, तुझी इच्छा असेल तर’ म्हणत. दोरिका म्हणे, ‘प्रभो, गुरुवारच्या बाजाराच्या आत.’

हरवलेली शेळी, शेजारणीचा गुडघा, गायनवृंदाचा पहिला नंबर, सगळं तिनं असंच मागून घेतलं होतं. सगळ्यात मोठं फळ म्हणजे तिचा नवरा लामेकी. तो जोहान्सबर्गला कामाला गेला आणि वर्षानुवर्षं तिकडचाच झाला. दोरिकानं त्याच्यासाठी इतका धोशा लावला की एके दिवशी तो खरोखर परत आला, अंगणात खुर्ची टाकून बसला आणि ‘आमच्या जोनीला’, म्हणजे जोहान्सबर्गला, अशी सुरुवात करून बोलू लागला. ते बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

“मागताना जरा विचार करून मागायला हवं होतं,” असं ती पहाटे मंदासी तळता तळता बायकांना सांगायची. ते गरम गोड वडे ती बस थांब्यावर विकायची.

दर जुलैत अमेरिकेतल्या एका मंडळीची माणसं थोड्या दिवसांच्या सेवेसाठी यायची. त्या वर्षी दोरिकाच्या घरी मार्लीनबाई उतरल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, शेवग्याच्या झाडासारख्या उंच, आणि ‘विश्वास’ या विषयावर बायकांचा वर्ग घ्यायला आलेल्या. गाडीतून उतरल्या त्या पातळशा फ्रॉकवर, कुडकुडत. जुलैत आमच्याकडे डोंगरावरून चिपेरोनीचं धुकं उतरतं आणि दिवसदिवस बारीक पाऊस झिमझिमत राहतो. आफ्रिकेत थंडी असते हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातून त्यांची बॅग विमानात चुकून भलत्याच देशात उतरली होती.

नेहमीचे दुभाषे गुरुजी गालगुंडानं झोपले होते, म्हणून ते काम लामेकीकडे आलं. त्यानं कोट चढवला.

“काय म्हणतात त्या?” दोरिकानं विचारलं.

“म्हणतात, सगळं बॅगेत होतं. चित्रं, पाठ, गाण्यांचे कागद. आता विश्वास शिकवायचा कसा?”

दोरिकाला खरंच नवल वाटलं. “विश्वास बॅगेत होता?”

हे लामेकीनं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.  मार्लीनबाईंनी नाक पुसलं.

पाहुण्यांसाठी कोंबडी कापली होती. रिवाजाप्रमाणे कोंबडीचा पोटा मानाच्या माणसाला जातो. म्हणजे एरवी लामेकीला. तो बाईंच्या ताटात पडताना लामेकी असा बघत राहिला की दोरिकाला मान वळवावी लागली. बाईंनी त्याचा एक तुकडा चावला, बराच वेळ चावला, आणि हा कसला अवयव आहे ते विचारलं.

“सांगा त्यांना, मानाचा आहे,” दोरिका म्हणाली.

“मी सांगितलं, माझा आहे,” लामेकी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोरिका उठली. बाईंना तिनं आपली चितेंजे नेसवली होती. तिच्या घोट्यापर्यंत येणारं ते कापड बाईंच्या गुडघ्यावरच थांबलं होतं. दोरिकानं डोळे मिटले आणि बॅगेसाठी प्रार्थना सुरू केली. काय काय हरवलंय ते तिनं बाईंकडून नीट विचारून घेतलं होतं आणि देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून एकेक वस्तू नावानिशी सांगत होती. स्वेटर, मोजे, चित्रं, दातांची पेस्ट. मग आतले कपडे, रंगासकट. लामेकी इमानेइतबारे, मोठ्यानं इंग्रजी करत होता. मार्लीनबाईंचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. शेवटी दोरिका म्हणाली, “आणि प्रभो, ही बॅग रविवारच्या उपासनेच्या आत. आमेन.” मग डोळे उघडून मंडळीलाही बजावलं, “रविवारी बघालच.”

हे शेवटचं बोलायला नको होतं, असं पाळक माकवालोंना तेव्हाच वाटलं.

चित्रं नाहीत म्हटल्यावर वर्गात बोलायचं काय? मार्लीनबाईंनी बायकांनाच विचारलं, तुम्ही देवावर कधी भरवसा टाकलात? त्यावर बायका ज्या सुटल्या त्या सुटल्याच. एकीनं पुरातून वाचलेल्या म्हाताऱ्या सासऱ्याची गोष्ट सांगितली. तिच्या जावेनं त्याच सासऱ्याशी रोज कसं निभावते ते सांगितलं, आणि त्याला जास्त विश्वास लागतो यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकजण आपल्या मेलेल्या मुलाबद्दल बोलली आणि मध्येच थांबली. तेव्हा लामेकीनंही इंग्रजी केलं नाही. मार्लीनबाई उठून तिच्या शेजारी चटईवर जाऊन बसल्या, गुडघे झाकायची धडपड करत.

इकडे पाळकसाहेब रोज विमानतळावर फोन करत होते. दोरिकाला मात्र आता पीठ मळताना हात जड वाटायला लागले होते. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की ती मान वर करी. ‘प्रभो, मी नाव पणाला लावून बसलेय,’ असं ती मनात म्हणे, आणि लगेच, ‘माझं नाही, तुझं नाव,’ अशी दुरुस्ती करी. दुरुस्ती खोटी आहे हे तिलाही कळत होतं.

शनिवारी दुपारी पाळकसाहेब मोटरसायकलवर काळी बॅग बांधून आले. दोरिकानं तळणीतला झारा तसाच टाकला आणि आनंदानं आरोळी ठोकली. बायका धावल्या, गाणं सुरू झालं, बॅगेभोवती फेर धरला गेला. दोरिका मध्यभागी नाचत होती. मार्लीनबाई धावत आल्या, बॅग उघडली, आणि आतून पायात घालायचे रबराचे मोठे वल्ह्यासारखे पंखे निघाले. त्याखाली पुरुषाच्या चड्ड्या आणि पाण्यात बुडी मारायचा चष्मा. सरोवरावर पोहायला निघालेल्या कुणा गृहस्थाची बॅग आमच्या मंडळीत आली होती.

गाणं एकेका आवाजानं विझत गेलं.

“आमच्या जोनीला असले बूट—” लामेकीनं सुरुवात केली.

“अहो, आज नको,” दोरिका म्हणाली, आणि घरात गेली. तळणीतल्या मंदासी कोळसा झाल्या होत्या.

रविवारी देवळात ती मागच्या बाकावर बसली. तिथं ती आयुष्यात कधी बसली नव्हती. देवाच्या कृपेची साक्ष द्यायची वेळ आली तसे सगळे माना वळवून बघायला लागले. शेवटी ती उठली.

“बॅग आली नाही,” ती म्हणाली. “येईल असं मला देवानं सांगितलं नव्हतं. ते माझं मीच ठरवलं. पाहुण्यांसमोर आपली प्रार्थना कशी लागू पडते ते दाखवावं, असं मनात होतं. बाईंच्या चड्ड्यांची उगाच जाहिरात झाली, त्याची माफी मागते.”

मंडळी हसली. आधी दबून, मग मोकळी. पाळकसाहेबांनी बायबल तोंडापुढे धरलं होतं, पण खांदे हलत होते.

मग मार्लीनबाई उठल्या. लामेकी कोट सावरत शेजारी उभा राहिला.

“बाई म्हणतात, बॅग हरवली तेव्हा त्यांनी प्रार्थना केलीच नाही. विमानवाल्यांना शिव्या दिल्या. मनातल्या मनात.” तो थांबून ऐकू लागला. “म्हणतात, बॅग हातात असती तर चित्रं दाखवून घरी गेले असते. तुमची एकही गोष्ट ऐकली नसती. म्हणतात, दोरिका देवाशी जशी बोलते तसं बोलायची मला हिंमत झाली नव्हती, आता करून बघणार आहे.” तो पुन्हा थांबला. “आणि म्हणतात, नवऱ्याला कोंबडीचा पोटा देत जा.”

“हे त्या म्हणाल्या?” दोरिकानं मागून विचारलं.

“अर्थ तोच होता,” लामेकी म्हणाला.

बॅग आली ती पाहुणे परत गेल्यावर, मंगळवारी. लामेकीचं म्हणणं, रविवारीच आली असं गावात सांगून टाकू. दोरिका म्हणाली, “मंगळवारी आली. मंगळवारच सांगायचा.”

पाळकसाहेबांनी अमेरिकेला फोन लावला. बाईंनी सगळं मंडळीत वाटून टाकायला सांगितलं, स्वेटर तेवढा दोरिकासाठी. मग त्यांना दोरिकाशीच बोलायचं होतं. लामेकी कोट आणायला घरात पळाला, तोवर दोरिकानं फोन कानाला लावलाही होता. तिला इंग्रजी येत नव्हतं, बाईंना चिचेवा येत नव्हती. पलीकडून “दोरिका” असं ऐकू आलं. इकडून ही “मार्लीन” म्हणाली. मग दोघी हसत सुटल्या. लामेकी हात पुढे करून “द्या इकडे, मी सांगतो” म्हणत होता. तिनं पाठ फिरवली, स्वेटरच्या लांब बाहीनं डोळे पुसले, आणि चिचेवातच बाईंना सगळ्या गावाची खबर सांगायला सुरुवात केली.