कंसातलं जुनं नाव

“वैनी, कैची घ्या. ती माणसं लाईनवर आहेत.”

हलगेकरांनी मोबाईल टेबलावर उभा केला आणि स्वतः बाजूला सरकले. स्क्रीनवर कझाकस्तानातलं एक ऑफिस दिसत होतं. माझ्यासमोर चाळीस पेनंट रचून ठेवलेले. ते मी माझ्या हाताने, त्यांच्या डोळ्यांदेखत कापायचे होते. नाकारलेला माल दुसरीकडे जाऊ नये म्हणून काही खरेदीदार असा पुरावा मागतात. ते मला ठाऊक होतं. माझं डोकं फिरलं होतं ते त्यांच्या दुसऱ्या मागणीने. ज्या बाईने चूक केली, तिला कामावरून काढल्याचं लेटर त्यांना हवं होतं.

ती बाई, मंगल, माझ्या पाठीमागे मशीनला टेकून उभी होती.

रामनगरात माझं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं युनिट आहे. सुरुवात पायमशीनवर केली. आता शाळांचे बॅज, टूर्नामेंटच्या जर्सी, देवस्थानांच्या शाली, सगळं करते. हलगेकर हे बेळगावचे एजंट. खेळाचे कपडे परदेशी पाठवतात. त्यांनीच ही ऑर्डर आणली. कझाकस्तानातला एक जुना फुटबॉल क्लब वर्धापनदिनाचं जेवण देणार होता. पाहुण्यांना द्यायला पेनंट हवे होते. मॅचच्या आधी दोन्ही कॅप्टन एकमेकांना झालर लावलेली तिकोनी पताका देतात, ती म्हणजे पेनंट. क्लबच्या इतिहासातल्या पाच काळांची पाच डिझाईनं, प्रत्येकी आठ नग. दरावरून आमची जुंपली, चहा तीनदा सांगावा लागला, पण शेवटी माझ्याच दराला ते आले.

जुन्या चिन्हांचे फोटो क्लबच्या स्टोअरकीपरने पाठवले होते. हा म्हातारा आधी तिथलाच खेळाडू. फोटोंसोबत त्याने प्रत्येक काळाची माहितीही लिहिली होती, आणि ती हलगेकरांनी मला आणि मंगलला वाचून दाखवली. पहिल्यांदा ती तांब्याच्या कारखान्याची टीम होती. चिन्हावर भट्टी. मग सोव्हिएत राज्य मोडलं, देश वेगळा झाला आणि कारखान्याने हात वर केले. शहराने टीम घेतली, नाव शहराचं दिलं. पुढे त्याच शहरातली दुसरी टीम यात मिसळली, म्हणून जोडनाव. दोन्हीकडचे लोक वर्षभर स्टेडियमकडे फिरकले नाहीत म्हणे. नंतर पैसा संपला, टीम खालच्या लीगमध्ये घसरली, एका सिमेंट कंपनीने आपलं नाव चिकटवलं. ती कंपनीही गेली. मग नवे मालक आले, नवी कंपनी नोंदवली, नवं नाव, नवा रंग, चिन्हावर हिमबिबट्या.

पाच नावं, आणि खेळणारी पोरं त्याच गल्ल्यांतली.

चित्र मशीनला कळेल असं टाक्यांच्या फाईलमध्ये बसवावं लागतं. त्याला आम्ही पंचिंग म्हणतो. ते मंगल करते. सातवी शिकलेली, पण तिच्या पंचिंगला बेळगावात तोड नाही. तिने पहिलं डिझाईन दाखवलं तेव्हा हलगेकरांनी व्हॉईस मेसेज पाठवला, “वैनी, नावाखाली फार मोकळं दिसतंय. भरून टाका कशानेतरी.”

कशाने, ते सांगितलं नाही. मी दोनदा फोन केला, उचलला नाही.

मंगलने भरलं. प्रत्येक नावाखाली, बारीक अक्षरात, कंसात, त्याच्या आधीचं नाव; पहिल्याच्या आधी काही नव्हतं, तिथे नुसता रिकामा कंस. ती लिपी तिला वाचता येत नाही. तिने अक्षरं चित्रासारखी उतरवली, आणि एकही चुकली नाही.

आमच्याकडे हे कुणाला वेगळं वाटलं नसतं. रामनगरातली निम्मी घरं सुप्याच्या धरणाखाली गेलेल्या गावांतून उठून आलेली. आमच्या लग्नपत्रिका बघा. वराच्या बापाचं नाव, खाली रामनगर, आणि त्याखाली कंसात मूळ गाव. ते गाव आता पाण्यात आहे, तिथे कुणी पत्र पाठवणार नाही, तरी कंस सुटत नाही. मंगलच्या पत्रिकेत होता, माझ्याही. म्हणून मंजुरीचा नमुना तपासताना माझ्या डोळ्याला ती ओळ खटकली नाही. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहून ठेवते. पण नमुन्याच्या पाठीवर पेनने सही हलगेकरांची आहे. त्या सहीशिवाय मी मशीन चालू करत नाही. त्यांनी क्लबला फोटोही पाठवला होता. तिकडून पसंतीचा अंगठा आला होता.

मग माल तयार झाला आणि अंगठा पाठवणाऱ्याने डोळे उघडले.

त्याचं नाव येरलान. क्लबचा मार्केटिंग मॅनेजर. त्याचं म्हणणं, सिमेंटवाला क्लब कर्जात बुडाला, आमची कंपनी वेगळी, तिच्या नावाखाली ते नाव आलं तर वकील दारात येतील; आणि पाचही डिझाईनं एकसारखी हवीत, म्हणून कंस कुठेच नको. हे मला पटलं. पटलं म्हणून मी चाळीसही पुन्हा करून द्यायला तयार झाले. सॅटिनवरचा टाका उसवता येत नाही, सुईची भोकं राहतात. म्हणजे नवं कापड, नवा धागा, चार दिवस. तरीही हो म्हटलं.

“आणि लेटर?” हलगेकर म्हणाले.

“लेटर मिळणार नाही.”

“नुसता कागद हो वैनी! काढा कुठं म्हणतोय? त्यांच्या फाईलला लागतंय.”

“हलगेकर, कागदावर काढलेलं माणूस पुढे खरंच निघतं. मला विचारा.”

त्यांना ठाऊक नव्हतं. खानापुरात मी ज्या टेलरकडे शिकले, त्याने एका इन्स्पेक्टरचा कोट आखूड कापला आणि माझं नाव सांगितलं. नुसतं सांगायचं म्हणून. पुढच्या महिन्यात माझ्या स्टुलावर दुसरी मुलगी होती. त्या माणसाला मी अजून रस्त्यात ओळख देत नाही.

मागून मंगल हळूच म्हणाली, “अक्का, द्या की लिहून. तुमची ऑर्डर कशाला घालवताय? माझं काय, शेत हाय.”

“तू गप्प बस. अर्धा एकर शेताचा मोठेपणा मला सांगू नकोस.”

“अर्धा न्हाई, पाऊण हाय.”

तिच्यावरच माझा आवाज चढला. तिला काय, माझ्या रागाची सवय आहे. मी नमुना उचलला आणि उलटा करून मोबाईलसमोर धरला. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. त्यातच मी येरलानला सांगितलं, ही सही तुमच्या एजंटची. जागा भरा, असं त्यानेच सांगितलं. मेसेज माझ्याकडे आहे, ऐकवू?

“वैनी, वैनी!” हलगेकरांनी मोबाईलकडे हात नेला. मी त्यांच्या हातावर पट्टी मारली. हलकेच मारली, तरी ते आजही सगळ्यांना सांगत फिरतात.

“लेटर द्यायचंच असेल तर सही करणाऱ्याचं द्या,” मी म्हटलं. “आणि फोटोवर अंगठा देणाऱ्याचं.”

येरलानने मान वळवली. त्याच्या शेजारी सुरुवातीपासून एक म्हातारा बसला होता. तोच स्टोअरकीपर. त्याने बोटाने खूण केली, जवळ आणा. मी एकेक पेनंट कॅमेऱ्याजवळ नेला. पाचही त्याने वाचले, ओठ हलवत. मग काहीतरी बोलला.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

येरलानने भाषांतर केलं. “म्हणतात, बरोबर आहे. नावं क्रमाने बरोबर आहेत. विचारतात, कुणी केलं?”

मी मंगलला दंडाला धरून पुढे ओढलं. तिने पदर सावरला आणि म्हाताऱ्याला नमस्कार केला. त्याने छातीवर हात ठेवला.

“तरी आम्हाला हे वापरता येणार नाही,” येरलान म्हणाला. लेटरचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही.

मी कैची चालवली. व्यवहार ठरला होता. सॅटिन कापताना एक चिरका आवाज येतो, झालर मध्ये आली की कैची अडते. दहाव्या पेनंटला म्हातारा उठून गेला. चाळीस होईपर्यंत त्याची खुर्ची रिकामीच होती. हलगेकर मोजत होते, मोठ्याने.

चार दिवसांनी नवे चाळीस तयार झाले. नावाखाली आता वेलबुट्टी होती, कुणाचीही हरकत नसलेली. पॅक करताना मंगलने आणखी पाच पेनंट आणून ठेवले. कंस असलेले.

“हे कुणाला?”

“त्या आजोबास्नी. धागा उरल्याला होता.”

धागा उरला नव्हता. धाग्याचा हिशोब माझ्याइतका कुणाला ठाऊक नाही. मी ते पाच वेगळ्या कागदात गुंडाळले, वर स्टोअरकीपर असं लिहिलं आणि खोक्याच्या मधोमध घातले. हलगेकरांना सांगितलं नाही.

पुढे एक फोटो आला. जेवणाच्या हॉलचा नव्हता. बुटांनी भरलेली फडताळं, लोखंडी दार, आणि दाराच्या आतल्या बाजूला ते पाच पेनंट ओळीत. येरलानने नव्हे, म्हाताऱ्याने कुणाकडून तरी पाठवला होता. हलगेकरांनी तो उचलून आपल्या दुकानाच्या पेजवर टाकला. खाली लिहिलं, आमचं खास डिझाईन. मी फोन करून जे बोलायचं ते बोलले. ते इथे छापता येणार नाही. फोटो अजून तिथेच आहे.

आता माझ्या ऑर्डरच्या फॉर्मवर एक ओळ वाढली आहे. मोकळी जागा कशाने भरायची ते लेखी द्यावे. नमुन्यावर माझ्या सहीआधी मंगलची सही असते, आणि मी तो वाचते.

जुना नमुना मी कापला नाही. सही केलेला नमुना कापायचा नसतो. तो मंगलच्या मशीनच्या वर टांगला आहे. हलगेकर अजूनही ऑर्डर घेऊन येतात, दरावर भांडतात आणि त्याच्याच समोरच्या खुर्चीवर बसतात. नमुना मी उलटा टांगला आहे. सहीची बाजू बाहेर.