कौशल्याबाईंची न धरणारी सीताफळं

तामसी गावच्या कौशल्याबाईंनी जन्मभर कापूस वेचला, ज्वारी सोंगली, आणि पन्नाशी उलटल्यावर हट्टानं एक एकर सीताफळ लावलं. नवरा अमृतराव तेव्हापासून नाक मुरडून होते. झाडं बरी पोसली, फुलंही मायंदाळ आली, पण फळ काही धरेना. या फुलाकडे माशी-किडा फारसा फिरकत नाही, म्हणून बाई रोज सकाळी शाळेतल्या पोरांचा रंगवायचा असतो तसा ब्रश घेऊन एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावत. दोन वर्षं मान मोडेस्तोवर हेच केलं. शंभर फुलांना ब्रश लावावा तेव्हा फळं चार नाहीतर पाच! शेजारणी विचारायच्या, काय बाई, आज कोणता रंग देऊन राह्यल्या? बाई हसून घ्यायच्या, आणि घरी येऊन रडायच्या.

शेवटी अमृतरावांनी सांगून टाकलं, यंदाचा बहार शेवटचा. फळ धरलं नाही तर झाडं उपटायची आणि तिथं कापूस लावायचा.

बाईंची भाची मयूरी आदिलाबादेत शेतीचं शिकवते. बहाराची पहिली तुरळक फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून बाई बसनं तिच्याकडे गेल्या. मयूरीनं एका काचेवर साखरेच्या पाण्यात पराग टाकला. दुसऱ्या काचेवर तसंच केलं, फक्त पाण्यात कणभर बोरॉन खत घातलं. काही तासांनी आत्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. पहिल्या काचेवर पराग नुसता पडून होता. दुसऱ्या काचेवर मात्र बहुतेक कणांतून बारीक नळी निघाली होती. परागालाही बियाण्यासारखं रुजावं लागतं, मयूरीनं समजावलं. ही नळी फुलाच्या पोटात पोचली तरच फळ धरतं. तिनं बागेतली मातीही मागवून तपासून घेतली, तिच्यात बोरॉन कमीच निघालं. बाकीची फुलं उमलायच्या आधी हे फवारायचं, ती म्हणाली, लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, वर एक कणही नको. आता बोला! दोन वर्षं बाई बिचाऱ्या आपल्या हाताला दोष देत होत्या.

बाईंनी काट्यावर तोलून फवाऱ्याच्या दर पंपाला एक अशा पुड्या बांधल्या, वर दोन जास्तीच्या राखल्या. पंप अमृतरावांनी पाठीवर घेतला. आठवड्याभरात बांधाकडच्या ओळीची पानं कडेनं करपली, कळ्या गळाल्या. तोलताना चुकलं का? सगळीच बाग जाते का? अमृतराव ओळ बघून घराकडे वळले. मनातून खूशच असतील, असं बाईंना वाटलं, आणि त्यांनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

पण बाकीच्या ओळींत ब्रश लावलेली फुलं टिकली. आषाढात फांदीफांदीला बोराएवढी फळं दिसू लागली. शंभर फुलांना साठ तरी होती. मोजत मोजत बाई करपलेल्या ओळीपाशी आल्या, तर तिथं अमृतराव उभे.

"हे ओळ म्याच जाळली," ते म्हणाले.

कापसाच्या औषधात सांगितल्यापेक्षा थोडं जास्तच घालायचं, ही गावची जुनी खोड. शेवटच्या पंपात त्यांनी उरलेल्या तिन्ही पुड्या रिकाम्या केल्या होत्या.

"काऊन पण?" बाईंनी विचारलं.

"तुही बाग राहावी म्हून," अमृतराव खाली बघत म्हणाले.

बाई तिथंच बांधावर बसल्या, आणि सरकून त्यांनी अमृतरावांना जागा दिली.