लग्नाचं आवतण

आज बीडमध्ये मोबाइल दुरुस्त करून घेताना सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि चौसाळ्यातलं माझ्या मैत्रिणीच्या, शबानाच्या अब्बांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आठवलं. बारावीत असताना आम्ही दोघी तिथं एक जपानी कार्टून मालिका पाहायचो. त्यातली शास्त्रज्ञ बाई अवकाशस्थानकात एकटीच राहायची. शेवटच्या भागात मैत्रीण तिला न्यायला आली, पण प्रयोग सोडून ती निघाली नाही. मला ती फार शूर वाटली.

"न्यायला आलेलीला काय वाटलं आसंल गं?" शबाना म्हणाली. मग हळूच म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. परीक्षेच्या आदल्या दिवशी हाय. येशील न्हवं?"

"मग आभ्यास कवा करू?"

मी गेले नाही. आता कॉलेजात विज्ञान शिकवते, घरी एकटीच असते. मी तसं म्हणाले त्या क्षणी शबानाचा चेहरा कसा झाला होता, हे कितीही आठवलं तरी आठवत नाही. मी टीव्हीकडेच पाहत होते.