सातबाई

शिक्षकांना गणित कसं शिकवावं हे शिकवणाऱ्या या बाईंना विद्यापीठात प्राध्यापिका म्हणत. जिथं खरोखर गणित शिकवलं जातं, त्या शाळांमध्ये मात्र त्यांचं नाव होतं सातबाई. ते लाडाचं नव्हतं. शिक्षिका ते दातओठ खाऊन घेत.

बावीस वर्षांपूर्वी बाई स्टॉपवॉच घेऊन अकरा शाळांत मागच्या बाकावर बसल्या होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात, एवढंच मोजायचं. बहुतेकांना श्वास घ्यायचीही फुरसत नव्हती. जे थांबत, त्यांच्या वर्गात भिडस्त पोरांचेही हात वर येत. अशांची सरासरी निघाली सात सेकंद. प्रश्न पाहून, मूल पाहून हा आकडा बदलेल, असं बाईंनी प्रामाणिकपणे तळटीपेत लिहिलं होतं. पण तळटीप जगात दोनच माणसं वाचतात, लिहिणारा आणि मुद्रितं तपासणारा. प्रशिक्षण केंद्रानं आकडा तेवढा उचलला. त्याचं तीन दिवसांचं शिबिर झालं, शिबिराचं प्रमाणपत्र झालं आणि तपासनिसांच्या तक्त्यात रकाना आला : ‘सात सेकंद थांबल्या का? होय / नाही.’ घरी तर भाजी आणायला सांगितली की यजमान सात सेकंद डोळे मिटून बसत आणि मग नाही म्हणत.

आता बढतीसाठी विद्यापीठाला ‘संशोधनाचा प्रत्यक्ष परिणाम’ हवा होता, निदान एका शाळाशिक्षिकेच्या सहीचं पत्र. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, म्हणजे संधी शेवटचीच. चार शाळांनी नाव ऐकून फोन ठेवला. पाचव्या शाळेनं या म्हटलं आणि त्यांना थोरल्या बाईंपुढे नेऊन उभं केलं.

उभंच. समोरच्या खुर्चीवर वह्यांचा गठ्ठा होता. चौथीच्या वर्गाला तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या थोरल्या बाईंनी तो हलवला नाही. स्वतःची हकिगत मात्र त्यांनी बाजाराची यादी वाचावी तशी सांगितली. गेल्या वर्षी तपासणीला त्यांनी विचारलं होतं, दीड किलो साखरेच्या पाव-पाव किलोच्या पिशव्या किती होतील? एक मुलगी विचार करत होती, म्हणून त्या थांबल्या. चाळीस सेकंद. उत्तर बरोबर आलं. तपासनिसांनी ‘नाही’वर खूण केली आणि शेरा मारला, वेळेचं नियोजन असमाधानकारक. छप्पन्नाव्या वर्षी थोरल्या बाईंची रवानगी शिबिरात झाली. तिथं त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं पडद्यावर चित्रं दाखवून त्यांना कसं थांबायचं ते समजावलं.

“तळटीप होती हो त्याला,” प्राध्यापिका म्हणाल्या.

“माझ्या शेऱ्याला नव्हती, मॅडम. चला, वर्ग बघा.”

प्राध्यापिकांनी नव्या वर्गाला तोच साखरेचा प्रश्न घातला. वर्ग चिडीचूप. मग त्यांना बाकांखाली बोटं दिसली. एकेक बोट मिटत होतं. सातवं मिटलं आणि सगळे हात एकदम वर गेले. पहिल्या बाकावरच्या मुलाला त्यांनी उठवलं. तो म्हणाला, येत नाही. मग हात कशाला वर केलास?

“सात झाले ना, बाई.”

खिडकीजवळची मुलगी कागदावर चौकोन पाडत होती. सहापैकी चार पाडून झाले होते. तिनंही पेन्सिल खाली ठेवली आणि हात वर केला. प्राध्यापिकांना वाटलं, तिला सांगावं, अगं, पुरं कर. पण त्या तशाच वर्गाबाहेर आल्या.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी विद्यापीठातून टाइप करून आणलेलं पत्र काढलं. ‘या संशोधनामुळे आमच्या वर्गाचा कायापालट झाला.’ थोरल्या बाईंनी ते दोनदा वाचलं. सही करते, म्हणाल्या, कायापालट झालाय हे खोटं नाही. पण आधी तुम्ही केंद्राला लिहून द्या, की सात हा नियम नव्हताच आणि तो रकाना काढावा.

“ते लिहिलं तर माझ्या संशोधनाचा परिणामच उरत नाही.”

“पोरांवर उरलेला चालेल?”

प्राध्यापिकांनी रेघांचा कागद मागून घेतला आणि भिंतीला टेकवून चार ओळी लिहिल्या. थोरल्या बाईंनी त्यातला ‘कदाचित’ खोडला, खाली तारीख घालायला लावली आणि प्राध्यापिकांचं मन बदलायच्या आत शिपायाला केंद्राकडे पिटाळलं. त्यानंतर त्यांनी टाइप केलेला मजकूर आडवी रेघ मारून उडवला आणि खाली हातानं लिहिलं : ‘यांच्या संशोधनानं आमचं नुकसान झालं. आज येऊन त्यांनी ते लेखी कबूल केलं.’ सही, शिक्का.

“घ्या. याहून चांगलं मला लिहवणार नाही. जाताना फाटक लावा, पोरं बाहेर पळतात.”

प्राध्यापिकांनी ते पत्र तसंच्या तसं अर्जाला जोडलं. विद्यापीठातला कारकून म्हणाला, हे चालणार नाही, दुसरं आणा. त्या म्हणाल्या, दुसरं नाही, आणि पोच घेतल्याशिवाय जागच्या हलल्या नाहीत. बढती अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढच्या सत्रात तपासनिसांच्या तक्त्यातून तो रकाना गेला. थोरल्या बाईंनी ते कळवायला फोन केला नाही. केला असता, तर आता कशासाठी ओरडतायत म्हणून प्राध्यापिकांनी तो धास्तीनं उचललाच नसता.