बर्फातली खाण आणि मोंढ्यातली उचल

चहाचा ग्लास रिकामा झाला की काका तो टेबलावर पालथा घालायचे आणि म्हणायचे, "आता असं धरा." पालथा ग्लास म्हणजे डोंगर, बशी म्हणजे गोठलेलं तळं, बिस्किटाचा पुडा म्हणजे बँक. मग परभणीच्या मोंढ्यासमोरच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारासमोरच्या त्या हॉटेलात बसून आम्ही पार उत्तरेकडच्या एका हिऱ्याच्या खाणीसाठी भांडवल कुठून आणायचं याचा विचार करायचो. आमच्यापैकी कुणीही कधी हिरा हातात धरलेला नव्हता.

काका मूळचे राणीसावरगावाकडचे. उभा जन्म त्यांनी बोअर मारण्यात घातला. त्यांची एकुलती एक लेक लहानपणी बोअरच्या गाडीजवळ बसून दगडाच्या भुकटीचे रंगाप्रमाणे ढीग लावायची. पुढे ती भूगर्भशास्त्र शिकली आणि परदेशात एका लहानशा कंपनीत लागली. कंपनीकडे खाणीचा परवाना होता, हिरे सापडले होते, फक्त पैसा नव्हता. थंडी पडायच्या आत पैसा उभा राहिला तर लेक खाणीवर जाणार होती. नाही राहिला तर कंपनी गाशा गुंडाळणार आणि ती परभणीला परत येणार. इथल्या एका कॉलेजात तिच्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. काकूंनी तर माडीवरची खोली रंगवून घेतली होती.

आता तुम्हीच सांगा, अशा बापानं काय करावं? गप्प बसावं, थंडी पडू द्यावी. काका मात्र रोज सकाळी येऊन त्या खाणीला भागीदार शोधायचे.

घाई थंडीचीच होती. तिकडे तळी गोठली की त्यांच्यावरून ट्रक जातात. ऊन वाढलं की रस्ताच विरघळतो. हे आम्हाला समजावताना काकांना अजिबात त्रास पडला नाही. "आपल्याकडं पावसाळ्यात काळ्या रानात गाडी जाते का? न्हाई. म्हणून खत-बी आधीच नेऊन टाकतो. त्यांचं उलटं हाय, एवढंच." त्यावर हॉटेलवाला भजी तळता तळता म्हणाला, "काका, म्हणजे वसुलीलाबी थंडीतच जाता येईल. बँक कशाला देईल?"

आमच्यातले निवृत्त कॅशियर मान हलवायचे. तारण काय, एवढाच त्यांचा प्रश्न. जमिनीखालचा हिरा तारण धरत नाहीत, हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की जणू असे कितीतरी अर्ज त्यांनी स्वतः परत पाठवले होते. बिस्किटाचा पुडा बाजूला सरकला आणि नंतर आम्ही तो खाऊन टाकला.

मग सरकार. ते काकांनीच उडवून लावलं. मग एखादी बडी कंपनी निम्म्या वाट्यानं. यावर काकांना आपले बोअरचे दिवस आठवले. सामाईक बोअरची किती तरी भांडणं त्यांनी पाहिली होती. "मोठा भागीदार पहिलं काम काय करतो? स्टार्टरची पेटी आपल्या बांधावर नेऊन लावतो. मग तुमी बसा पाळीची वाट बघत."

कॅशियर एकदा सहज म्हणाले, एखादा हिऱ्यांचा व्यापारीच आधी पैसे देईल की, माल त्यालाच घालायच्या बोलीवर. काकांनी ग्लास सरळ केला. "ही उचल झाली, साहेब. तेवढं सोडून बोला." त्यांच्या वडिलांनी कापसावर आडत्याची उचल घेतली होती आणि मग जन्मभर माल त्याच एका दुकानात घातला होता. "माल काट्यावर चढायची वेळ झाली की आडत्या माझ्या बापाला प्रेमानं चहाला धाडायचा. चहा पिऊन येईस्तोवर काटा झालेला." एवढ्या वर्षांत काकांनी त्या आडतीची पायरी चढली नाही.

मी शाळामास्तर. इंग्रजी बातम्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर एकेक पर्याय पडला की मला आतून बरं वाटायचं. पोरगी घरी येईल, काकूंची खोली भरेल. पण काकांचा चेहरा पाहिला की स्वतःची लाज वाटायची आणि मी चहाचे पैसे द्यायला धावायचो. काका म्हणायचे, "सर, तुमी लय खर्च करायलेत." त्यानं मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका सकाळी लेकीचा फोन हॉटेलातच आला. काकांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं स्पीकरवर असे आणि सगळ्यांना ऐकू जाई.

"बाबा, पैसा मिळाला. पण तुमाला आवडणार न्हाई."

एका व्यापाऱ्यानं पुढच्या मालावर पैसे दिले होते. सरळ सरळ उचल. ती म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर राजीनामा देते, दिवाळीला घरीच येते.

भजी तळायची थांबली. बघा, काकांना जे हवं होतं आणि जे पटत होतं, ते त्या दिवशी एकाच बाजूला येऊन उभं राहिलं होतं. नुसतं "नको" म्हणायचं होतं. मी तर मनातून म्हणतच होतो, म्हणा, काका.

काका फोनच्या जरा जवळ वाकले. "हिरे तोलताना तिथं तुमचं माणूस असतंय का?"

"असतंय. मीच असणार हाय."

"तेव्हा कुणी चहाला बोलावलं तर?"

पलीकडे ती हसली. "न्हाई जाणार, बाबा."

"मग जा," काका म्हणाले.

त्यांनी सगळ्यांना भजी सांगितली. कॅशियरांना टाळी दिली, हॉटेलवाल्याला व्यापाऱ्याची अक्कल समजावून सांगितली. स्वतः काही खाल्लं नाही. मग घरी सांगून येतो म्हणून उठले आणि स्कूटर तिथेच विसरून पायी निघून गेले. किल्ली स्कूटरलाच होती.

थोड्या वेळानं मी स्कूटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार लोटलेलं होतं. आत काकू भाजी निवडत बसल्या होत्या आणि काका समोर पाटावर बसून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगत होते. बँक का देत नाही, तारण म्हणजे काय, सरकारचं काय होतं. काकू हूं हूं करत होत्या. ते अजून बड्या कंपनीपर्यंतही पोचले नव्हते, लेकीचा फोन तर लांबच राहिला. मी किल्ली खिडकीत ठेवली आणि आवाज न करता फाटक लावून घेतलं.